सुभद्राच्या मानेवरची गाठ

बार्शीटाकळीच्या बाजारात सुभद्राचा सांभार सगळ्यात आधी संपायचा. कोथिंबिरीच्या त्या जुड्यांवर ओलं पोतं टाकून ती बसायची आणि भाव करणाऱ्या बाईला म्हणायची, "घे वं, तुह्या वरणाले वास तं येऊ दे." नवरा एचआयव्हीनं गेला, तेव्हा तपासणीत तिलाही तोच आजार निघाला. तेव्हापासून ती अकोल्याहून गोळ्या आणायची. घरात मोठी जाऊ माणिकबाई होती. तिला सांगितलं होतं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत.

मागच्या हिवाळ्यात सुभद्राच्या मानेवर गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिनं ती पदराखाली ठेवली. डोक्याला तेल लावताना माणिकबाईच्या हाताला ती लागली आणि गाठ बसावी म्हणून तिनं लगेच बिबा तापवला. गाठ आली तर आधी दाखवायला ये, असं गोळ्या देणाऱ्या ताईंनी बजावलेलं. पण बिब्याला नको म्हटलं तर कारण सांगावं लागणार. सुभद्रानं मान पुढे केली.

बिबा अंगावर उतला, फोड येऊन पिकले. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलणी बसतील म्हणून ती म्हणाली, भजी तळताना तेल उडालं. जखम पिकली की जवळची गाठ सुजतेच, तसंच हे असेल असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी जखमेचं औषध देऊन परत बोलावलं. जखम भरली, सुभद्रा गेलीच नाही. उन्हाळ्यापर्यंत काखेतही गाठी आल्या, घामानं चोळी भिजू लागली.

मग माणिकबाईच तिला घेऊन गेली. डॉक्टरांना टीबीची शंका होती. एचआयव्हीत पुष्कळदा तोच निघतो. सुई टोचून पाहिलं, टीबी सापडला नाही. एक गाठ काढून तपासली, तेव्हा कॅन्सर निघाला. तो पोटापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी मानेवरच्या डागाचं पुन्हा विचारलं.

"तेल नाई साहेब," माणिकबाई म्हणाली, "बिबा लावला मी. गाठीवर."

"म्हणजे गाठ आधीची होती," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत.

बाहेर बाकावर बसल्यावर सुभद्रा म्हणाली, "बाई, त्या गोळ्या रक्ताच्या नाईत."

"माईत हाय. भाऊजी गेले तवापासून माईत हाय."

"मंग बिबा काहून लावला?"

"गाठीचं अन् त्या आजाराचं काही असते, हे मले कोनं सांगतलं होतं?"

सुभद्राला ते माहीत होतं, ताईंनी बजावलं होतं. माणिकबाईनं तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि दोघी बसस्टँडकडे निघाल्या.

सुभद्रा श्रावणात गेली. उपचार सुरू झाले होते, पण शरीरानं साथ दिली नाही.

आता गल्लीत कोणाच्या मानेला गाठ दिसली की माणिकबाई त्याला अकोल्याला पाठवते. आधी काही लावू नको, म्हणते, आणि डॉक्टरले खरं सांग. सुभद्राले काय झालं होतं, असं बाया विचारतात. माणिकबाई सांगते, गाठ झाली होती. त्यापुढे बोलत नाही.