घरी आणणारी गाडी

जगात विकत घेण्यासारखी जेवढी म्हणून जनावरं आहेत, मग त्यांना चार पाय असोत की दोन चाकं, त्यांतलं खरं जनावर कोणतं हे ओळखणारा माणूस अख्ख्या तापीखोऱ्यात आता एकच उरला आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. पण गेली काही वर्षं रविवारच्या रविवार त्यांच्यामागे हिंडून हिंडून माझंही तेच मत झालं आहे. घरात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुऱ्हाणपुरात लालबागेत घर, निंबोल्याला केळीची शेती. वय साठीच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे. नक्की विचारलं तर "दात पाहून घ्या ना" म्हणून तोंड उघडतात. त्यांचे वडील बैलांचे नामांकित पारखी होते. पार खकनारकडचे शेतकरी बैलबाजाराला जाताना त्यांना गाडीत घालून नेत, आणि म्हाताऱ्यानं मान हलवल्याशिवाय कुणी जोडी घेत नसे. पुढे शेतात ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, पण पारख मात्र वारसाहक्कानं साडूंकडे आली आणि तिला पाहायला बैलच उरले नाहीत. मग ती दिसेल त्या वस्तूवर उतरू लागली. कूलर घ्यायचा तर हे आधी त्याच्या मागे जाऊन उभे राहणार, "उन्हात दम टाकीन हा" म्हणणार. पुतणीला पाहायला आलेला मुलगा पोहे खात असताना हे त्याची चाल कशी आहे ते बघायला त्याला दोनदा उठवून पाणी आणायला लावणार. माझ्या स्कूटरभोवती त्यांनी एकदा नुसती फेरी मारली, तिच्या सीटवर हळूच थाप मारली आणि मला म्हणाले, "मास्साब, तुमी लय भोळे माणूस आहा." मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्यांच्या लेखी मला फक्त फळ्यावरचंच कळतं.

हे सगळं घरगुती पातळीवर चाललं होतं तोवर ठीक होतं. पण एके दिवशी त्यांच्या फोनवर कुणीतरी एक जाहिरात पाठवली. इंदूरकडचे काही हौशी लोक दरवर्षी जुन्या मोटारसायकलींची मातीवरची शर्यत भरवतात. उंचवटे, खड्डे, चिखल, वळणं, आणि गाडी मात्र जुन्या जमान्यातलीच हवी: हवेवर थंड होणारं इंजिन, ड्रमचे ब्रेक, मागे दोन बाजूंना दोन शॉकअप. साडूंनी ती जाहिरात मला वाचून दाखवली, परत वाचली आणि चष्मा काढून बसून राहिले. मग म्हणाले, "मास्साब, एकदा पटावर उतरायचं आहे."

पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. त्यांच्या वडिलांनी पटासाठी दुसऱ्यांना एकाहून एक जोड्या निवडून दिल्या, पण स्वतःची जोडी कधी पटावर उतरवली नाही. पळवलेला बैल मग नांगराला मन लावत नाही, असं ते म्हणत. साडू कॉलेजात असताना मित्राची टू-स्ट्रोक घेऊन तापीच्या वाळूत उडवत असत. ते वडिलांच्या कानावर गेलं. म्हातारा रागावला नाही, फक्त त्या दिवशी जेवला नाही. साडूंनी गाडी सोडली. त्या गोष्टीला किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण ते सांगताना त्यांचा आवाज खाली आला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला खरोखरच काहीतरी हवं आहे.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी मला बोलावून घेतलं. ताई म्हणजे माझ्या मेहुणी. आलं घातलेला चहा समोर ठेवून त्यांनी दार लोटलं.

"भाऊजी, तुमी यांच्यासंगं जात जा. जी गाडी पाहतीन तिच्यात काही ना काही खोट काढा. या वयात हाड मोडलं तर जुडत नाही. आणि मी बोलले तर म्हणतात, मी काय म्हातारा झालो का? मले काही नको, मले माणूस अख्खा पाहिजे. बस."

मी कबूल झालो. रात्री बसून हरकती पाठ केल्या: सायलेन्सर गंजलाय, आवाज फाटका आहे, कागदपत्रं धड नाहीत. परीक्षेला जाणाऱ्या पोरासारखा तयार होऊन मी पहिल्या रविवारी निघालो, आणि त्यातली एकही हरकत मला वापरावी लागली नाही.

पहिली गाडी लालबागेतच, एका पॉवरलूमवाल्याच्या शेडमध्ये होती. दोन सायलेन्सरची, जाडजूड, ताडपत्रीखाली झाकलेली. साडू थेट मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि चेनच्या चक्रीचे दात पाहू लागले. "शेंडे वाकले. उमर लपवून राह्यले तुमी." मग हँडल जिथे चौकटीला जोडलेलं असतं तिथे, मानेवर, डोळे मिटून हात फिरवला आणि रंगाखालचा वेल्डिंगचा फुगवटा बरोबर शोधून काढला. जू घासून घासून बैलाच्या मानेवर सूज येते, तिला आमच्याकडे खांदा येणं म्हणतात. "खांदा आला आहे हिला," साडूंनी निकाल दिला. "उडी मारली का इथूनच तुटीन." शेडवाला म्हणाला, "भैया, ये मोटरसायकल है, बैल नहीं." तरी यजमानाचा मान म्हणून साडूंनी खांद्यावरचा गमछा त्याच्या हातावर टाकला आणि बैलबाजारातल्या रीतीप्रमाणे खालून त्याची बोटं दाबून भाव विचारला. त्या गृहस्थानं घाबरून हात ओढून घेतला आणि आम्ही बाहेर आलो. मला इतकं हायसं वाटलं की मी साडूंना मावा जिलबी खाऊ घातली. त्यांना वाटलं, मी त्यांचं सांत्वन करतोय.

दुसरी खकनारच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याची. हलकी, सडसडीत, बघताक्षणी कुणालाही पसंत पडावी अशी. साडूंनी किक मारली तशी तिनं ती अशी उलटी मारली की साडू पिठाच्या पोत्यावर जाऊन बसले. पांढरे झालेले, पाय धरून, पण चेहऱ्यावर समाधान. "पाह्यलं ना मास्साब? लाथाळ आहे. मी रंगावरूनच ओळखलं होतं." बरेच दिवस ते लंगडत होते आणि ताई पायाला बाम चोळता चोळता गालात हसत होत्या. त्या दिवशीही मावा जिलबी झाली.

खरी भीती वाटली ती तिसऱ्या वेळी. इंदूरला एका डॉक्टरांकडे परदेशातून आलेली, मातीच्या शर्यतीसाठीच बनवलेली अस्सल गाडी होती. उंच पाय, पिवळी टाकी, अंगावर एक ग्रॅम जास्तीचं लोखंड नाही. ज्याला विचारावं तो सांगत होता की या शर्यतीसाठी याहून चांगली गाडी मिळणार नाही. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझी सगळी पाठ केलेली उत्तरं विसरलो. दात शाबूत, मान शाबूत, किक लोण्यासारखी. साडू बराच वेळ तिच्यासमोर हात बांधून उभे होते. डॉक्टर अभिमानानं सांगत होते की हिचा रबरी वॉशरसुद्धा बोटीनं येतो. साडूंनी मान वर केली.

"म्हणजे हिले आपल्या गावचा चारा चालत नाही?"

डॉक्टर पिवळ्या टाकीवरून फडकं फिरवू लागले.

"लय सुंदर जनावर आहे, साहेब. पण उपाशी मरीन आमच्याकडे." असं म्हणून साडूंनी तिला नमस्कार केला आणि आम्ही बसस्टँड गाठलं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलो. गेल्या कित्येक आठवड्यांत अशी झोप लागली नव्हती.

अशा आणखी कितीतरी पाहिल्या. एक उन्हात चालेना, एक वळणावर नेमकी विहिरीकडे ओढ घेई, एकीचा मालकच साडूंना खोडीचा वाटला. ताईंना मी दर रविवारी संध्याकाळी नुसती नकारार्थी मान हलवून दाखवायचो आणि चहात आलं वाढत जायचं. मला वाटू लागलं की हा माणूस गाडी कधीच घेणार नाही. बघत राहण्यातच त्याचा जीव रमला आहे.

आणि मग निंबोल्यातच, साडूंच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका दूधवाल्यानं आपली जुनी टू-स्ट्रोक विकायला काढली. टाकीचा रंग उडालेला, सीट फाटकी, दुधाच्या कॅनच्या कड्या अजून लटकलेल्या. साडूंनी दात पाहिले, मान चाचपली, किक मारली. मग मला म्हणाले, "बसा मागे." आम्ही केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याला लागलो. वेग आल्यावर ते म्हणाले, "आमचे बा बैलाची शेवटची परीक्षा कशी घेत माहीत आहे का? सांजच्याले शेतातून निघाले का कासरा सोडून द्यायचे. डोळे बंद. जो बैल गाडी सरळ घरी आणीन, तो घ्यायचा. पळण्यात काय आहे, पळते तं कुणीबी." आणि त्यांनी हँडलवरचे दोन्ही हात सोडले.

मी डोळे मिटले. देवाची, ताईंची आणि शाळेच्या भविष्यनिर्वाह निधीची आठवण झाली. गाडी सरळ चालत राहिली. ना डावीकडे, ना उजवीकडे. इतकी वर्षं कॅन वाहून चौकट जराही वाकली नव्हती. डोळे उघडले तेव्हा आम्ही साडूंच्या गोठ्यासमोर होतो, आणि माझ्याच तोंडून निघालं, "घेऊन टाका."

त्या संध्याकाळी ताईंनी मला चहा दिला नाही. पाणी दिलं.

मग ती गाडी शर्यतीला योग्य करण्याचं काम सुरू झालं. दिवा निघाला, पुढचा मडगार्ड उंच झाला, खोल खाचांचे टायर आले. साडू तिला गोठ्यातच ठेवत, जुन्या खुंट्यापाशी, आणि हँडलच्या दोन्ही टोकांना त्यांनी बैलाच्या शिंगांसारखा हिंगूळ लावला होता. ताई त्या बाजूला फिरकत नव्हत्या. "मी काही येणार नाही पाहायला," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि शर्यतीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसल्या त्याच.

झेंडा पडला. धुळीचा लोट उठला आणि त्यात सगळेच दिसेनासे झाले. पहिल्या फेरीत साडू सगळ्यात मागे, ताठ बसलेले, उंचवटा आला की गाडी हळू करून, नदीच्या उतारावर बैलांना जपून उतरवावं तशी खाली घेत. दुसऱ्या फेरीत तसेच. तिसऱ्या फेरीत सगळे आले आणि साडू आले नाहीत. ताईंनी माझं मनगट धरलं. पुढच्या फेरीत पुन्हा सगळे आले; साडू नाहीत. ताईंनी धरलेला हात घट्ट होत होता, आणि माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: अख्खा.

दोरी ओलांडून आम्ही धावलो. पलीकडच्या वळणावर, सगळ्या धुळीच्या बाजूला, आमची गाडी स्टँडवर उभी होती. साडू इंजिनावर गमछ्यानं वारा घालत होते. स्वयंसेवक ओरडत होता, "अंकल, किक मारिए ना! रेस चल रही है!" साडू त्याला शांतपणे समजावत होते, "बसलेल्या बैलाले मारत नाही, बाबू. दम खाऊ दे. उठीन आपोआप."

ताई तिथेच मातीत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता रडल्या. मीही बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

इंजिन थंड झालं, पहिल्या किकला सुरू झालं. तोवर तिकडे बक्षिसं वाटायला सुरुवात झाली होती. साडूंनी राहिलेल्या फेऱ्या एकट्यानं पूर्ण केल्या. शेवटच्या सरळ पट्ट्यावर, आमच्याशिवाय कुणीही पाहत नसताना, त्यांनी दोन्ही हात सोडले. गाडीनं त्यांना सरळ आमच्यापुढे आणून उभं केलं. त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "बा आज जेवले असते."

त्यानंतरच्या पोळ्याला त्यांनी आम्हाला निंबोल्याला बोलावलं. गोठा सारवलेला, खुंट्यापाशी गाडी धुऊनपुसून उभी, हँडलला म्हाताऱ्याच्या बैलांची घुंगरमाळ. ताईंनी स्वतः औक्षण केलं, टाकीवर कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास सीटवर ठेवून अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "माझा माणूस घरी आणला तू." साडू दुसरीकडेच पाहत होते. दावणीला दोन खुंटे होते आणि दुसरा रिकामा होता.

"एकटं जनावर बरं दिसत नाही दावणीले," ते हळूच म्हणाले. "बा कधी एकटं बांधत नव्हते."

मी घाबरून ताईंकडे पाहिलं. ताई त्या रिकाम्या खुंट्याजवळ गेल्या, त्यालाही कुंकू लावलं.

"मग पाहा ना जोडीले," त्या म्हणाल्या. "पण घाई नका करू. रविवारी भाऊजींले घेऊन जात जा."

आणि माझ्यासमोर त्यांनी चहा ठेवला. आलं भरपूर होतं.