गेटवर अडकलेलं चित्र

बाबांकडे दोन फोन होते. कॅमेऱ्याचा फोन चाकणच्या कंपनीत आत नेता येत नाही. तो गेटवर जमा करायचा आणि खिशात बटणांचा ठेवायचा.

"भाऊ, तो डबा भंगारात घाला आता," सोबतचे कामगार म्हणायचे.

"घातला असता राव, पण बायको त्याच्यावरच टकटक करते."

ती टकटक आमच्या घरची रीत. पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडीत बाबांना शब्द कळत नसत. मग ते ओरडून विचारायचे, "दळण आणू का?" आणि आई फोनवर नखाने वाजवायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

लकव्याने आईची वाचा गेली. सांगवीच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. दुपारी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी बाबांना फोन केला. बदली माणूस येईपर्यंत मशीन सोडायचं नाही, असा त्यांना हुकूम मिळाला. माणूस आला तो शिफ्ट सुटतानाच. मी लहानपणापासून बाबांच्या युनियनची हक्कांबद्दलची पत्रकं वाचत आले, तरी तो हुकूम मला मोडता आला नाही.

आईने डाव्या हाताने माझ्या मोबाइलकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे. तिला त्यांना बघायचं होतं.

बाबांनी गेटवरून व्हिडिओ कॉल लावला. त्याच वेळी आजूबाजूच्या कंपन्यांमधले सगळे कामगार बाहेर पडून आपापले मोबाइल चालू करत होते. कपाळ दिसलं, अर्धी भुवई दिसली, आणि त्यावर गोल चक्र फिरत राहिलं.

"दिसतंय का गं माय?" बाबा मला माय म्हणायचे.

"नाही बाबा, थांबलंय."

दवाखान्याच्या खिडकीसमोरच्या जाहिरातीच्या फलकावर फाइव्हजी होतं: पापणी लवेपर्यंत अख्खा सिनेमा. विकतात तो वेग. त्या वेगात वाटेकरी किती, हे कुठल्याच फलकावर लिहीत नाहीत. फोरजीची वाट रुंद खरी, पण टॉवरखालचे सगळे ती वाटून घेतात; कामगारांची गर्दी झाली की प्रत्येकाला चिंधी मिळते. बटणांच्या फोनच्या टूजीवर चित्र जातच नाही म्हटलं तरी चालेल. पण एकदा कॉल लागला, की त्या बोलण्यापुरती बारीकशी जागा राखलेली असते.

बाबांनी डबा काढून साधा कॉल लावला. मी स्पीकर चालू करून माझा फोन आईच्या उशीवर, तिच्या बोटांजवळ ठेवला.

"अगं, रिक्षात बसलोय. थांबशील ना?"

टक. टक.

रिक्षाचा आवाज तेवढा येत राहिला.

"बरं," ते म्हणाले, "मग ऐक." आणि बोलत राहिले. कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घातल्याचं, कालची भाजी खारट झाल्याचं. मधूनमधून विचारायचे, "ऐकतेस ना?" टक.

मोशीच्या अलीकडे त्यांनी पुन्हा विचारलं. टक आली नाही. पुन्हा विचारलं.

मी फोन कानाला लावला. लाइन इतकी स्वच्छ होती, की माझा श्वास त्यांना ऐकू गेला असावा.

"कळलं, माय," बाबा म्हणाले.