न दिलेली ओ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या लालसूला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — खरं सांगू, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

लालसू माझा दोस्त. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावचा, गोंड. मी बल्लारपूरचा. आम्ही एकाच शाळेत मास्तर — तो गणित शिकवतो, मी मराठी. माणूस म्हणजे काय सांगू! वर्गात हसतो, मीटिंगमध्ये हसतो, साहेबाने झापलं तरी बाहेर येऊन हसतो. पण रानात शिरला की त्याचा एक नियम असतो आणि तिथे मस्करी चालत नाही. पुढच्याने मधूनमधून हाळी घालायची — कूऽऽ — आणि मागच्याने ओ द्यायची. मोहफुलं वेचायला जाणारे सगळेच तसं करतात. दाट झाडीत चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, मग तो धड आहे की नाही हे कळणार कसं? ओ आली नाही, तर पुढचा असेल तिथून परत फिरतो. हातातलं टाकून.

लडाखला जायचं खूळ माझं. पाठीवर पिशव्या, आणि तिथले डोंगर पायी. शाळेत सगळ्यांसमोर फुशारकीही मीच मारली — रोज सकाळी पळतो मी, लालसूला ओढत नेईन! त्याला एकच हौस होती, झाड नसलेला मुलूख पाहायची. त्याच्या आईला ते खरंच वाटेना. झाड नाई त मानसं सावलीले कुठी बसतात, म्हणाली. निघताना तिने वाळलेल्या मोहफुलांचं पुडकं त्याच्या पिशवीत ठेवलं. सगळ्यात उंच जागी जो देव असेल, त्याला आपल्याकडून द्यायला.

आणि काय मुलूख होता हो तो! डोंगर जांभळे, पिवळे, विटकरी, आणि अंगावर गवताची काडी नाही. आभाळाकडे पाहिलं की डोळे भरून यायचे, उगाचच. लालसू तर वेडाच झाला होता. "अबे, धरतीनं कपडेच काढून ठेवले इथी!" म्हणाला, आणि लगेच लाजून त्या डोंगराला हात जोडले. तिथेही त्याची हाळी चालूच. मी वैतागलो — मैलभरावरून दिसून राह्यलो मी तुले, काऊन ओरडतोस? "दिसतोस त बे," तो म्हणाला, "पन बरा हायेस का नाई, हे कसं समजन?"

आता त्या दिवसाचं. किती लांबवू?

आम्ही खिंड चढत होतो. वर रंगीत पताका फडफडताना दिसत होत्या. लालसू पुढे होता, आणि मी थकलो होतो. चक्कर नाही, डोकं दुखत नव्हतं — नुसता थकलो होतो. एक वाक्य पुरे होतं: लालसू, मले होत नाई. पण ज्याला ओढत नेणार होतो, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? वाटेत खोलीएवढा एक खडक होता. मी त्याच्यामागे सावलीत जाऊन बसलो.

वरून हाळी आली. मी ओ दिली नाही.

ऐकू आलं नाही असं नाही. तिथे आवाज अडवायला पानही नव्हतं. ओ देण्यापुरता श्वासही होता. मी ठरवून गप्प बसलो — तो आपणच खाली येईल, मग मला काही बोलावं लागणार नाही. पुन्हा हाळी आली. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला. घाबरला होता तो. तरीही मी गप्प.

तो पळत आला. त्या विरळ हवेत कोणी पळू नये, हे आम्हाला दहा जणांनी बजावलं होतं. मी डोळे मिटले, मान टाकली. हो, नाटक! त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. मग पिशवीतून ते पुडकं काढलं — आईचं, देवाचं — आणि फुलं माझ्या तोंडात भरवली. "चाव बे, चाव. ताकत येते." बोलताना त्याला धाप लागली होती, ओठ निळे पडले होते.

मी चावली. गोड होती.

दोन्ही पिशव्या घेऊन त्याने मला खाली आणलं. खिंडीच्या तोंडाशी पोचला होता तो, पण एकदाही मागे वळून पाहिलं नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे त्याला खोकला लागला आणि आम्ही परत आलो. खिंडीपलीकडे काय होतं ते त्याने अजून पाहिलेलं नाही.

शाळेत तो हा किस्सा रंगवून सांगतो. ओ नाई आली आन् मी तसाच खाली पळत सुटलो, म्हणतो. आणि मी? मी शेजारी बसून दर वेळी भर घालतो — डोळ्यांपुढे अंधारी आली होती म्हणून.

देवाची फुलं माझ्या तोंडात गेली हे त्याच्या आईला कळलं. ती म्हणाली, "मानूस वाचला ना, मंग देवालेच पोचलं थे." तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती माझ्यासाठी वेगळं पुडकं ठेवते. बापूचा जीव नाजूक हाये, म्हणते; बापू म्हणजे मी. आता तिचे गुडघे दुखतात, तरी माझ्या वाट्याची फुलं ती स्वतः वाकून वेचते.

रानात गेलो की लालसू हल्ली मला पुढे घालतो आणि मागून हाळी देतो. त्याची हाळी संपायच्या आत मी ओ देतो. त्याला वाटतं, मी नियम शिकलो.

यंदाचं पुडकं काल आलं. लालसू समोरच उभा होता. मी एक फूल तोंडात टाकलं आणि म्हणालो, मायले सांग, लय गोड हाये.