राखून ठेवलेलं म्हातारपण

ताईच्या नंबरवरून दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी तो कट केला. आमच्या सोसायटीची मीटिंग चालू होती हे खरं, पण कारण ते नव्हतं. आरोग्य विम्याचा विषय पुन्हा काढेल, अशी भीती वाटली. तिसऱ्यांदा उचलला तर पुरुषाचा आवाज. नौपाड्यातल्या ज्या औषधांच्या दुकानात ताई कॅशवर बसायची, त्याचे मालक बोलत होते. "सुलभाताई खुर्चीतच कोसळल्या. रिक्षाने दवाखान्यात आणलं, पण... तुम्ही लगेच या." ताई गेली त्याला आता सात आठवडे झाले. कोपरीच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलले, मीही बोललो. तिथे जे बोललो नाही, ते इथे लिहितो आहे.

सुलभाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती बारावीत होती. ती एका खासगी कंपनीत लागली आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी तिच्या पगारातून गेली. तिचं लग्न राहिलं. "राहिलं" असंच आम्ही म्हणायचो, जसा छत्री घ्यायचा विसर पडावा. नोकरीला पेन्शन नव्हती, म्हणून तिशीपासूनच तिने आपलं म्हातारपण स्वतः उभं करायला घेतलं. पगार झाला की आधी बाजूला टाकायचे, उरेल त्यात महिना काढायचा. सहा महिन्यांचा खर्च बँकेत, त्याला हात लावायचा नाही. विमा वेगळा, गुंतवणूक वेगळी. थोडं पीपीएफमध्ये, थोडं म्युच्युअल फंडात, म्हणजे एक बसलं तरी दुसरं उभं राहील. "अरे, चक्रवाढीला पैसे कमी असले तरी चालतात, वर्षं लागतात," ती मला सांगायची, "आणि मधेच काढले की संपलं." मी हसायचो. "ताई, तू जगणार कधी गं?" "साठीनंतर," ती शांतपणे म्हणायची. तिचं ठरलेलं होतं... दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे, मग बोधगयेला जायचं, आणि रोज सकाळी आठनंतर उठायचं. बस, एवढंच.

ती निवृत्त झाली त्याच महिन्यात मी मोठा फ्लॅट बुक केला. बँक जेवढं कर्ज देत होती ते पुरत नव्हतं. मी आणि माझी बायको मनीषा पेढे घेऊन कोपरीला तिच्या घरी गेलो. ताईने ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि एक कागद समोर आणून ठेवला. वयाच्या पंचाऐंशीपर्यंत दर महिन्याला किती लागेल, महागाई वाढत गेली तर किती, आजारपणाचे किती, सगळं तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं. "अरुण, हे मोडलं ना, तर पुन्हा उभं करायला माझ्याकडे वर्षं नाहीत रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुला तिथे स्वतःची खोली असेल ताई. आणि कोणासाठी साठवतेस? तुला आहे कोण आमच्याशिवाय?" हे वाक्य तोंडातून चुकून गेलं नव्हतं. येताना रिक्षात मी ते मनात जुळवलं होतं. ते बरोबर लागणार हे मला माहीत होतं, कारण ते कुठे लागेल हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? मनीषा फरशीकडे बघत राहिली. ताईने कागदाची चौघडी केली. पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर बँकेत आली आणि मी दाखवीन तिथे सह्या करत गेली.

नव्या फ्लॅटमधल्या तिच्या खोलीत आधी मुलाचा कॉम्प्युटर आला, मग मनीषाचं चालायचं मशीन. गृहप्रवेशाला आली तेव्हा ताई त्या दारात क्षणभर थांबली. जेवली आणि कोपरीला परत गेली. सहा महिन्यांनी ती औषधांच्या दुकानात कामाला लागली. "तिला घरी बसवतच नाही," मी लोकांना सांगायचो, आणि लोक कौतुक करायचे. गुडघ्यांना पट्टे बांधून ती दिवसभर बसायची. पैसे तिने कधीच परत मागितले नाहीत. मागितलं एकदाच, वयामुळे आरोग्य विम्याचा हप्ता वाढला तेव्हा. "एवढा हप्ता तू भर, बाकीचं राहू दे." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. त्या महिन्यात आमची नवी गाडी आली... पॉलिसी बंद पडली. ती गेल्यावर तिची कोपरीची खोली आवरताना मला एका डॉक्टरची चिठ्ठी सापडली. छातीत दुखतंय, अँजिओग्राफी लगेच करावी, असं लिहिलेलं. चिठ्ठी पाच महिन्यांपूर्वीची होती. मला पहिला विचार काय आला ते सांगतो : बरं झालं, ही कोणी बघितली नाही.

मागच्या आठवड्यात तिचा राहिलेला पगार आणायला नौपाड्याला गेलो. मालक बाहेर गेले होते. जेवणाची वेळ होती. काउंटरमागे कामाला असलेल्या दोन बायका डबे उघडून बसल्या होत्या आणि तिसरी, रेश्मा नावाची, त्यांना मोबाईलवर काहीतरी दाखवत होती. त्यांच्यातली कोणी अंत्ययात्रेला आली नव्हती, कारण दुकान उघडं ठेवायचं होतं. मी म्हणालो, सुलभाताई दिसत नाहीत. काय बोलावं ते न सुचून म्हणालो. रेश्माचा चेहरा पडला. "ताई गेल्या हो," ती म्हणाली. मग स्वतःहूनच बोलायला लागली. पगार झाला की ताई जेवणाच्या सुट्टीत त्यांना घेऊन बसायची. आधी बचत, मग खर्च. एसआयपी कशी सुरू करायची, नॉमिनी कोणाला करायचं. आता ताई नाही, तरी त्या पगाराच्या दिवशी अशाच बसतात. "मी विचारलेलं त्यांना, शेअर बाजारात लय रिस्क असते ना? तर म्हणाल्या, अगं, बाजार पडतो तसा उठतो पण. ज्याला आपण नाही म्हणू शकत नाही, ती खरी रिस्क. माझा एकच भाऊ आहे, म्हणाल्या. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं मी."

दुसरी बाई डब्यातून मान वर न करता म्हणाली, "आणि तो हलकट बघायला पण नाही आला कधी."

"असं नको बोलू गं, ताईंना नाही आवडायचं," रेश्मा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही ताईंचे कोण?"

"मी... जुनं गिऱ्हाईक," मी म्हणालो.

"मग औषध काय हवंय?"

मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली. ताईच्या खुर्चीवर बसून रेश्माने सुटे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले, आणि मोबाईल घेऊन ती पुन्हा त्या दोघींकडे वळली. पगार न घेताच मी पायऱ्या उतरलो. मागून तिचा आवाज येत होता, "हां, आता इथे तारीख टाक. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची टाक, नाहीतर उरत नाहीत."