आबांचा दुसरा दांडा

गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार नट उरतातच. ते मी डब्यात टाकतो. किस्से असेच साठतात. मालेगावात वाशीम रोडवर माझं गॅरेज आहे, आणि माझा अर्धा डबा एकट्या दत्ताभाऊंच्या जीपनं भरलाय.

ही जीप त्यांच्या वडिलांनी, आबांनी, मिलिटरीच्या लिलावात घेतली. गिअरशेजारी आणखी एक दांडा. तो ओढला की चारही चाकांना ताकद मिळते, हे आबांना कोणी सांगितलंच नाही. दसऱ्याला ते त्या दांड्याला हार घालायचे आणि पोरांना दम द्यायचे, "मिलिटरीचा हाय तो. हात लावसान तं गाडी उडन."

पुढे पेट्रोल परवडेना म्हणून मी तिला डिझेल इंजिन बसवलं. महिनाभरात दत्ताभाऊंची बायको, आमच्या वहिनी, गॅरेजवर हजर. "मिस्त्रीभाऊ, इंजिन बदललं तवापासून हे घरातबी वरडूनच बोलून राह्यले. आवाज कमी कराले एखादा स्क्रू हाय काय?"

दांड्याचं खरं काम नंतर मीच दत्ताभाऊंना सांगितलं. या जीपला दांडा ओढायच्या आधी खाली उतरून पुढच्या चाकांच्या मध्यावरचे हब हातानं फिरवून लॉक करावे लागतात, तरच ती चाकं ताकद घेतात. एकदा दत्ताभाऊ धाकट्या भावासाठी मुलगी पाहायला निघाले आणि गाडी रुतली. तो धाकटा स्वतःच उतरला, हब फिरवले आणि गुडघाभर चिखलानिशी पोहे खायला बसला. मुलीच्या बापानं सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. "हाच एक कामाचा दिसते," म्हणाला. लग्न तिथंच ठरलं.

यंदा दत्ताभाऊंचा पुतण्या सागर वाशीमहून नवी फोर-व्हील गाडी घेऊन आला. दत्ताभाऊ आत वाकून शोधायला लागले.

"दांडा कोठी हाय?"

"काका, आता बटन दाबाचं."

"बटनानं मिक्सर फिरते, सागऱ्या."

पैज लागली. पावसानं चिखल झालेली, शेतांमधून जाणारी काळ्या मातीची पांदण दोन्ही गाड्यांनी ओलांडायची. जीप रुतली तर ती भंगारात द्यायची. आबांची तेवढीच वस्तू भाऊंकडे उरलेली, त्यामुळे मलाच धाकधूक.

पैजेच्या सकाळी चहा पिताना माझी नजर गॅरेजच्या पत्र्याला लावलेल्या टेकूवर गेली. तो टेकू म्हणजे जीपचा पुढचा शाफ्ट! पुढच्या चाकांना ताकद नेणारा. डिझेल वाचावं म्हणून तीन उन्हाळ्यांपूर्वी मीच काढला होता, पावसाआधी बसवू म्हणून. राहून गेलं. तीन पावसाळे भाऊ दांडा ओढतायत आणि पुढची चाकं नुसती सोबतीला फिरतायत.

मोटरसायकल हाणत पोचलो. सागरची गाडी मधोमध बसलेली, टायर मातीनं भरून गुळगुळीत झालेले. आणि दत्ताभाऊ हब लॉक करून जीपमध्ये चढत होते. थांबवावं तर काय तोंडानं? त्यांनी दांड्याला हात लावून नमस्कार केला, तो ओढला, आणि हलकी जीप खोल खाचांच्या टायरांवर डुलत डुलत पलीकडे निघाली. एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी ते पेढे घेऊन आले आणि टेकूला पाठ लावून बसले.

"पायली मिस्त्री, चार चाकाची ताकद?"

"पायली, भाऊ."

मग त्यांनी पाठीमागचा टेकू चाचपला. "हे कायचं हाय?"

"काई नाई," मी म्हणालो. "जोडताना उरलं."