मशीनवाल्या मावशींनी निवडलेली सायकल

आमच्या शिलाई कारखान्यात मशीन अडलं की मशीनवाल्या मावशींनाच बोलावणं जायचं. साठीला टेकलेल्या, चणीनं बारीक. वीस वर्षं चौदा किलोची हत्यारपेटी साध्या सायकलला बांधून त्या गावभर फिरल्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे. आराम कर."

"आराम करायला गुडघा नाही दुरुस्त करून घेतला," म्हणाल्या, आणि त्यालाच घेऊन इलेक्ट्रिक सायकल बघायला निघाल्या.

दुकानदार सगळं मुलालाच सांगत होता. रंग, स्क्रीन, मोबाइलची जोडणी. मावशींनी मध्येच विचारलं, "मोटर चाकात आहे की पायडलपाशी?"

"काकू, तुम्हाला सोपीच देऊ."

"सोपी नको, चढणारी हवी. पेटी लादून दुकानामागच्या चढावर नेऊन बघते."

"वजन लादून ट्रायल देत नाही आम्ही."

"मग मीही सायकल घेत नाही." मुलाला पेटी उचलायला लावून त्या बाहेर.

दुसऱ्या दुकानातल्या मेकॅनिक मुलीनं मात्र हवं तितकं फिरू दिलं. चाकात मोटर असलेली सायकल अर्ध्या चढावर धापा टाकू लागली. पायडलपाशी मोटर असलेली हलक्या गिअरवर सरळ वर गेली. मधला दांडा खाली, त्यामुळे पाय उंच टाकावा लागत नव्हता. बॅटरी किल्लीनं सुटत होती, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेऊन चार्ज करता येणार. रंग तेवढा मळकट राखाडी. मुलानं नाक मुरडलं, तर म्हणाल्या, "रंग काय चाटायचाय?"

कॅरियर त्यांनी जाड पट्ट्यांनी भक्कम करून घेतला, पेटीखाली रबर घातलं, दोन पायांचं स्टँड आणि आरसा लावला.

पहिल्याच आठवड्यात आमच्या गेटवर अडल्या. नव्या मॅनेजरांचा नियम होता, बॅटरीवाली गाडी आत नाही.

"पेटी उचलून चालत जा," रखवालदार म्हणाला.

"डॉक्टरांनी ओझं उचलू नको सांगितलंय. मशिनी इकडे पाठवा." मावशींनी बॅटरी काढून सावलीत ठेवली आणि त्याच्याच स्टुलावर बसल्या.

आत नऊ मशिनी बंद, आम्ही हातावर हात ठेवून बसलेल्या. तासाभरानं मॅनेजर बाहेर आले. "मावशी, नियम म्हणजे नियम."

"मी कुठे मोडतेय? बाहेरच बसलेय की."

खिडकीतून ते ऐकलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी शेजारणीला खूण केली, दोघींनी मिळून मशीनचं डोकं, म्हणजे सुईकडचा वरचा भाग, टेबलापासून सोडवलं आणि गेटवर नेऊन ठेवलं. मागोमाग दुसरं आलं, तिसरं आलं. मॅनेजरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "उघड रे गेट!" ते ओरडले.

"थांबा, ही तीन होऊ द्या," मावशी म्हणाल्या. तीनही झाल्यावरच आत आल्या, सायकलीसकट.

याला चार वर्षं झाली. दर रविवारी त्या साखळी पुसून तेलाचे थेंब सोडतात, टायरची हवा बघतात, बॅटरी कधी पार उतरू देत नाहीत. गेल्या महिन्यात ब्रेकचे पॅड झिजले. मेकॅनिक म्हणाली, परवा या. मावशींनी नवे पॅड घेतले आणि फुटपाथवर बसून स्वतःच बदलले. काळ्या हातांनी चाळीस मिनिटं उशिरा आल्या, तर रखवालदारानं वही पुढे केली.

"लिही उशीर," त्या म्हणाल्या. "झिजलेल्या ब्रेकवर वेळेवर आले असते तर थेट मॅनेजरांच्या टेबलावर जाऊन थांबले असते!"