बिनस्टँडची गाडी

आमच्या ह्यांनी माझ्या गुडघ्यासाठी मोटारसायकल बनवली आणि त्या मोटारसायकलपायी माझी अंगणवाडी जाता जाता वाचली. आता हसू येतं. तेव्हा मात्र अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी अंगणवाडी सेविका. आमचं घर तिसगावजवळ, आणि केंद्र डोंगरावरच्या वस्तीवर. वाट सगळी दगडगोट्यांची. शेवटची चढण तर अशी, की पुढं चालणाऱ्याच्या चपलेखालचा दगड मागच्याच्या कपाळावर यावा. रोज पायी जायचे. नऊच्या ठोक्याला कुलूप निघायचं, पण संध्याकाळी गुडघा सुजून वांग्याएवढा व्हायचा.

हे मेकॅनिक. पाथर्डी रोडला छोटं गॅरेज. एका दुपारी ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. परदेशातली कुठलीशी जुनी गाडी, किडकिडीत, बकरीसारखी डोंगर चढतेय. त्या कंपनीनं म्हणे एकामागून एक मॉडेलं काढली आणि प्रत्येक मॉडेल आधीच्यापेक्षा हलकं. झालं! घरी आले ते ओरडतच.

"अगं, गाडी ताकदीनं चढत न्हाई, हलकेपणानं चढती! आता तुला पायी चालायचं कामच न्हाई."

गॅरेजात एक जुनी शंभर सीसीची गाडी पडून होती. तिच्यावर हे पाना घेऊन बसले. पहिल्यांदा काय काढलं, तर स्टँड. "हे लोखंड उगाच कशाला वागवायचं?" मग मडगार्ड गेलं, साडीगार्ड गेलं. टाकीवर पांढऱ्या रंगानं एक नंबर टाकला. हे मॉडेल नंबर एक.

मी मागं बसले. सपाटीला गाडी झकास पळाली. चढण आली तशी घरघरली, थरथरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

हे म्हणाले, "जरा उतर बरं. नुसता हात लाव."

मी हात लावला. हे वर बसलेले, ॲक्सिलेटर पिळतायत, आणि मी खालून पदर खोचून ढकलतेय. आधी माझी मीच डोंगर चढत होते, आता नवऱ्याला घेऊन चढायला लागले. वर पोचलो तेव्हा दहाला पाच कमी. पोरं पायरीवर बसून कंटाळलेली.

"तुमी उतरा की," मी म्हणायचे.

"मी उतरल्यावर गाडी चालवील कोण? तुला जमायचं न्हाई ते."

इथं एक गोष्ट सांगते. माझं माहेर राहात्याचं. पेरूच्या बागेतून वडिलांची मोटारसायकल मी नववीत असल्यापासून फिरवलेली, मागं दोन क्रेट बांधून. लग्नानंतर कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. म्हटलं, माणूस एवढं जीव लावून करतंय, कशाला त्याचा हिरमोड करा.

मॉडेल नंबर दोनला हेडलाईट गेला, हॉर्न गेला. रस्त्यात म्हैस आडवी आली की हे स्वतः तोंडानं पीं पीं करायचे. चेनचं मागचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, मात्र मोठं बसवलं, मागं ट्रॅक्टरसारख्या नक्षीचं टायर टाकलं. तेवढं काम खरंच झकास होतं, मेकॅनिक म्हणून माणसाला नावं ठेवायला जागा नाही. मॉडेल नंबर तीनला सीटच अर्धी कापली. कुठली अर्धी? माझी! तिथं गोणपाटाची घडी बांधली.

प्रत्येक मॉडेल झालं की वजन करायला आम्ही कांदा मार्केटजवळच्या भुईकाट्यावर जायचो. ट्रक-ट्रॅक्टर तोलायचा तो काटा, दहा किलोच्या खालचं त्याला कळतच नाही. त्यात गाडीला स्टँड नाही, म्हणजे ती उभी राहायची तर वर कुणीतरी बसलेलं पाहिजे. हे बसायचे. पहिल्या मॉडेलचं वजन भरलं दोनशे. दुसऱ्याचंही दोनशे. तिसऱ्याचं दोनशे दहा!

"काटा खराब हाय तुमचा," हे काटेवाल्यावर खेकसले.

काटेवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "मालक, गाडी उतरतीय, तुमी चढताय."

खरंच होतं ते. एकेक मॉडेल पूर्ण झालं की त्या आनंदात बाजारात पावशेर गोडीशेव आणि वर भज्यांचा पुडा. गाडीचं जेवढं लोखंड निघालं त्याहून जास्त ह्यांच्या पोटावर चढलं होतं. मी तिथंच हसत सुटले. ह्यांना राग आला, म्हणाले, काटेवाल्याला काय कळतंय गाडीतलं.

पण हसणं फार दिवस टिकलं नाही. पर्यवेक्षिका मॅडम पलीकडच्या पायवाटेनं तीनदा येऊन गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्यांना केंद्राला कुलूप दिसलं होतं. त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "सोमवारी नऊला येते. कुलूप दिसलं तर केंद्र खाली गावात हलवायचा शेरा मारीन." वस्तीवरची अकरा पोरं. त्यातलं सगळ्यात धाकटं अजून पायरी बसून उतरतं. ती कुठली एवढा डोंगर उतरून यायची?

रविवारी रात्री मी ह्यांना म्हटलं, उद्या पायी जाते. तर तोंड असं केलं, की मीच नमले. नेमका माझा गुडघाही त्या दिवशी ठणकत होता.

सोमवारी पावणेनऊला आम्ही चढणीच्या पायथ्याला. गाडी घरघरली, थरथरली, थांबली.

"जरा हात लाव," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "उतरा खाली!"

"अगं पण..."

"उतरा म्हणते ना! मॅडम यायची वेळ झालीय. ढकलून ढकलून माझे हात निघाले, उतरा आधी!"

हे उतरले. मी निऱ्या वर खोचल्या, पाय टाकला, पहिला गिअर. आणि काय सांगू, गाडी सुटली ती थेट वर! दगड काय, घळी काय, तिला काही वाटेचना. खालून ह्यांचा आवाज येत होता, "क्लच सोड! अगं क्लच... अगं तुला येतंय?"

नऊला सात कमी असताना मी केंद्रासमोर. आणि तिथं पंचाईत. गाडी लावू कशी? स्टँड नाही. झाड नाही. मदतनीस ताई पाण्याला गेलेल्या, आणि भिंतीवर त्यांनी तपासणीसाठी कालच केळी-आंबे रंगवलेले, रंग ओला. आडवी टाकावी तर टाकीचं झाकण जड म्हणून ह्यांनी तिथं फडकं कोंबलेलं, सगळं पेट्रोल मातीत जायचं. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला, दोन्ही हात हँडलला, आणि पलीकडच्या वाटेनं मॅडमची छत्री वर येताना दिसतेय. रडूच कोसळायच्या बेतात होतं.

तेवढ्यात नातवाला सोडायला एक आजोबा आले. मी म्हटलं, "बाबा, पाया पडते, जरा या गाडीवर बसा."

ते बसले. मी धावले, कुलूप काढलं, पोरं आत, प्रार्थना सुरू. मॅडम दारात आल्या तेव्हा नऊला एक कमी होता. त्यांनी रजिस्टर बघितलं, अकराच्या अकरा पोरं मोजली, खिचडी चाखली. जाता जाता अंगणात थबकल्या. आजोबा दोन्ही पाय रोवून, हँडल धरून, मान ताठ करून बसलेले.

"हे कोण?"

"स्टँड आहे, मॅडम," मी म्हणाले.

मॅडमनी शेरा लिहिला, केंद्र वेळेवर सुरू. आजोबांना उतरा म्हटलं तर उतरेनात, म्हणाले अजून थोडा वेळ राहू दे.

हे दहाला वर पोचले. शर्ट पिळून काढावा असा ओला, तोंड लालबुंद. पोरांच्या बुटक्या खुर्चीत मावेनात म्हणून पायरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या दिला. मला वाटलं, आता क्लचचं भाषण सुरू होणार. पण तांब्या रिकामा करून ह्यांनी त्या वाटेकडं बघितलं.

"इतकी वर्षं तू रोज हे चढत हुतीस?"

"व्हय," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी गाडी गॅरेजात गेली. मी म्हटलं, आता नंबर चार. आणखी काय काढणार देव जाणे. तासाभरानं बाहेर आणली ती अंगणात आपली आपण उभी राहिली. ह्यांनी स्टँड परत बसवला होता. सीट मात्र अर्धीच ठेवली होती, एका माणसापुरती. या खेपेला मागचं गोणपाटही काढून टाकलं होतं, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात होती.